जुन्या मनोरुग्णालयाचा इतिहास लिहायचा तर आधी दाखल्याचा कागद वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा इतिहास एका स्मरणिकेसाठी तीसेक पानांत लिहायचा आहे. हाताशी १९०१ हे साल, देणगीदाराचं नाव आणि आसपासच्या जुन्या लोकांनी सांगितलेल्या साखळदंडांच्या नि विजेच्या झटक्यांच्या गोष्टी, एवढंच आहे. रुग्णालय जुनी रजिस्टरं दाखवेल का, आणि नाही दाखवली तर लिहायचं कशाच्या आधारावर?

रजिस्टरांचं पुढे बोलू. त्याआधी एक सांगतो: या विषयात कागदांचा तुटवडा नाही. इंग्रजी अमदानीतल्या वेड्यांच्या इस्पितळांवर छापील कागद इतके आहेत की तीस पानं सहज भरतील. अडचण अशी की ते सगळे किल्ली ज्यांच्या हातात होती त्यांनी लिहिलेले आहेत, आणि प्रत्येक कागदाचं काम वेगळं होतं. वार्षिक अहवाल वरच्या अधिकाऱ्याला हिशेब देण्यासाठी, पोलिसांचं वर्णनपत्रक माणूस सुपूर्द करण्यासाठी, डॉक्टरचा दाखला कायद्याची अट पुरी करण्यासाठी. हे लक्षात न घेता त्यातला आकडा किंवा ‘वेडाचं कारण’ उचललं की इतिहास चुकतो, आणि गंमत म्हणजे तळटीप अगदी बरोबर असूनही चुकतो.

म्हणून मी इमारतीपासून सुरुवात करत नाही. माणूस कुणाच्या सहीने आत आला, कुणाच्या सहीने बाहेर गेला आणि मधल्या काळाचा खर्च कुणी भरला, हे तीन प्रश्न आधी सोडवतो. ते सुटले की भिंती, डॉक्टर आणि उपचार यांचा अर्थ लागायला लागतो.

कोणत्या दप्तरात शिरायचं हे मात्र जागेवर आणि काळावर अवलंबून आहे. आजच्या महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. पण त्यांचा भूतकाळ एका राज्यातला नाही. ठाणे, येरवडा, रत्नागिरी मुंबई इलाख्यात होती, आणि त्यांच्याच अहवालांच्या मालिकेत कुलाबा, धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधलं हैदराबाद येतं. नागपूरचे अहवाल मध्य प्रांताच्या आणि पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कागदांत शोधावे लागतात; मुंबईच्या यादीत ते सापडणारच नाहीत. मराठवाडा निजामाच्या राज्यात, कोल्हापूर संस्थानात, म्हणजे तिथले कागद आणखी वेगळीकडे. तुमचं काम ठाण्याचं असल्यामुळे तुम्ही सोप्या बाजूला आहात, कारण मुंबई इलाख्याची मालिका बरीच सलग टिकली आहे.

आता स्थापनेचं साल. ठाण्याचं रुग्णालय नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने १९०१ साली उभं राहिलं, हे बरोबर आहे. पण अशा कुठल्याही संस्थेला एकच जन्मसाल नसतं. जमीन मंजूर झाल्याचं एक, देणगी जाहीर झाल्याचं दुसरं, कोनशिलेचं तिसरं, पहिला रुग्ण आत आल्याचं चौथं, आणि आधीच्या इस्पितळातून रुग्ण हलवले असतील तर त्या जुन्या संस्थेचं पाचवं. फलकावर यातलं कोणतंही येऊ शकतं. तुमच्या लेखात ‘स्थापना १९०१’ एवढं लिहून पुढे जाऊ नका. हे साल यातल्या कोणत्या घटनेचं, ते ठरवा. त्याचबरोबर मागचा धागाही दाखवा. मुंबईत १७४५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात पहिलं छोटं वेड्यांचं इस्पितळ निघालं, नंतर १८२६ मध्ये कुलाब्याचं आलं. कुलाब्यात गर्दी कायमची होती, आणि बंदर, गिरण्या, रेल्वे यांमुळे शहरात एकट्यादुकट्या माणसांची संख्या वाढत होती. ठाण्याची गरज या शहराने निर्माण केली. ठाण्याचं इस्पितळ म्हणजे ठाण्याच्या लोकांसाठी काढलेलं इस्पितळ, असं समजून लिहिलं तर पहिल्याच पानावर घसराल.

इथे एक वेळखाऊ चूक टाळता येईल. सगळे आधी गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, उघडतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाण्याचा खंड १८८२ चा आहे, रत्नागिरीचा १८८० चा. ठाण्याचं इस्पितळ १९०१ चं, रत्नागिरीचं १८८६ चं. म्हणजे दोन्ही खंड संस्थेच्या आधीचे. त्यांतून गावाची, तुरुंगाची, दवाखान्याची पार्श्वभूमी मिळेल; संस्था मिळणार नाही.

आता मुख्य भाग, दाखल होण्याचा मार्ग. १८५८ साली एकापाठोपाठ तीन कायदे झाले: ३४, ३५ आणि ३६ क्रमांकाचे. पहिले दोन मुख्यतः वेडसर ठरलेल्या माणसाच्या मालमत्तेचं काय करायचं याबद्दल होते, तिसरा इस्पितळं आणि त्यांत माणसं ठेवण्याबद्दल. तिनांतले दोन इस्टेटीवर, यावरूनच त्या काळाचा कल कळतो. ठाण्याचं इस्पितळ सुरू झालं ते या ३६ व्या कायद्याखाली. रस्त्यात भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा माणूस पोलिसांनी मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचा, डॉक्टरने तपासायचं, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा. सोबत एक वर्णनपत्रक जायचं: नाव, वय, जात, धंदा, वेड कधीपासून, कशामुळे, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतो का.

पुढे १९१२ चा भारतीय वेडेपणा कायदा आला आणि तो थेट १९९३ पर्यंत चालला, कारण १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात लागू झाला तो १ एप्रिल १९९३ ला. तुमच्या रुग्णालयाची ऐंशी वर्षं या एका कायद्यात गेली, तेव्हा तो समोर ठेवूनच लिहा. त्याची कामाची कलमं पुढीलप्रमाणे.

नातेवाइकांना कुणाला दाखल करायचं असेल तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागे. अर्जदार सज्ञान हवा आणि अर्जाआधीच्या चौदा दिवसांत त्याने त्या माणसाला स्वतः पाहिलेलं असावं. सोबत दोन डॉक्टरांचे दाखले, त्यांतला एक राजपत्रित वैद्यकीय अधिकारी. दाखल्यात डॉक्टरने स्वतः काय पाहिलं आणि दुसऱ्यांनी काय सांगितलं हे वेगवेगळं लिहायची सक्ती होती. नुसत्या ऐकीव माहितीवर हुकूम देता येत नव्हता. असा दाखला कुठल्या फाइलीत सापडला तर हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात दीड ओळ आणि दुसऱ्यात अर्धं पान असेल तर माणूस डॉक्टरच्या तपासणीमुळे आत गेला की घरच्यांच्या सांगण्यामुळे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पोलिसांच्या मार्गाने आलेल्याला निरीक्षणासाठी मॅजिस्ट्रेट एका वेळी दहा दिवस आणि एकूण तीस दिवस ठेवू शकत होता. गुन्ह्याच्या खटल्यातून येणाऱ्यांचा मार्ग तिसरा. तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेचं ८४ वं कलम (वेडाच्या भरात घडलेल्या गुन्ह्याबद्दलचं) आणि १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४६४ पासूनची कलमं त्यासाठी पाहा. या लोकांची सुटका डॉक्टरच्या हातात नव्हती, सरकारच्या हुकुमावर होती, म्हणून त्यांचा मुक्काम लांबायचा. एखाद्या वर्षी ‘वीस वर्षांपासून असलेले’ रुग्ण किती, असा आकडा दिसला तर त्यात हा गट किती आहे ते आधी वेगळं काढा.

बाहेर पडण्याचे मार्गही कायद्यात होते. प्रत्येक इस्पितळावर सरकार अभ्यागत मंडळ, म्हणजे पाहणीला येणाऱ्यांचं मंडळ, नेमायचं, कमीत कमी तिघांचं, त्यात एक डॉक्टर. अशा तीन अभ्यागतांनी लेखी हुकूम दिला की माणूस सुटू शकत असे. नातेवाईक किंवा मित्र हमी लिहून देऊन घरी नेऊ शकत. स्वतःहून दाखल होण्याची सोयही या कायद्यात होती, तीही अभ्यागतांच्या संमतीने. अभ्यागतांचे शेरे हा मला सगळ्यांत विश्वासाचा कागद वाटतो. हे लोक संस्थेचे नोकर नव्हते. त्यांतले बरेच शेरे ‘सर्व ठीक’ एवढेच असतात, पण मधेच कुणी तरी पाण्याबद्दल, ब्लँकेटांबद्दल, हमी द्यायला कुणी आलं नाही म्हणून अडकलेल्या बऱ्या माणसाबद्दल लिहून जातो.

आता ‘वेडाचं कारण’ या रकान्याबद्दल. नवखा माणूस इथेच हमखास फसतो. एकोणिसाव्या शतकातल्या अहवालांत कारणांचे तक्ते असतात आणि त्यांत गांजा, भांग, चरस ठळक दिसतात. ते वाचून ‘त्या काळी निम्मे लोक गांजामुळे वेडे होत’ असली वाक्यं लिहिली जातात. या रकान्याची तपासणी खुद्द सरकारनेच करून ठेवली आहे. १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाने १८९२ साली हिंदुस्थानातल्या इस्पितळांत नव्याने दाखल झालेल्यांची एकेक केस पुन्हा तपासली. दाखल झालेले १,३४४ होते. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे अमली वनस्पती हे कारण लिहिलेलं होतं. गावी, नातेवाइकांकडे, स्थानिक अधिकाऱ्यांकडे विचारणा केल्यावर उरले ९८. त्यांतले ६१ नुसत्या गांजा-भांगेचे आणि ३७ इतर कारणांसोबतचे. म्हणजे निम्म्याहून जास्त नोंदी गळाल्या.

का गळाल्या, ते तुमच्या कामाचं आहे. वर्णनपत्रकात कारणाचा रकाना होता आणि तो मोकळा सोडणं कुणालाच सोयीचं नव्हतं. पोलिसाला भटका माणूस सापडलेला. त्याचं गाव, घर माहीत नाही. तो चिलीम ओढताना कुणी पाहिला एवढं पुरेसं व्हायचं. मॅजिस्ट्रेट तेच पुढे पाठवायचा, इस्पितळाचा कारकून तेच रजिस्टरात उतरवायचा, आणि वर्षअखेरीस तेच तक्त्यात बेरजेला जायचं. चार हातांतून गेल्यामुळे अंदाजाला आकडेवारीचं रूप आलं. आजार कोणता, या रकान्यातही असंच होतं. ‘मॅनिया’ (उन्माद) सर्वांत जास्त दिसतो, कारण पोलिसांच्या नजरेत आरडाओरडा करणारा माणूस येतो. कोपऱ्यात गप्प बसलेली उदास बाई येत नाही. बायकांची संख्या सगळीकडे पुरुषांपेक्षा कमी दिसते, त्याचंही बरंचसं कारण दाखल होण्याच्या मार्गात आहे. त्यावरून बायकांमध्ये आजार कमी होता असा निष्कर्ष काढू नका.

त्यामुळे हे रकाने वापरायचेच नाहीत असं नाही. ‘इतके लोक गांजाने वेडे झाले’ याऐवजी ‘इतक्यांच्या कागदावर गांजा हे कारण लिहिलं गेलं’ असं लिहा. वाक्य थोडं लांबतं, पण खरं राहतं.

अहवालातले आकडे वाचण्याची पद्धत एका काल्पनिक वर्षावर दाखवतो. वर्षाच्या सुरुवातीला ३०० रुग्ण, वर्षभरात नवे १००, म्हणजे ‘एकूण उपचार घेतलेले’ ४००. त्यांतले ६० सुटले, ३६ मेले, वर्षअखेर उरले ३०४. रोजची सरासरी हजेरी ३०२ धरा. मृत्यूदर किती? सरासरी हजेरीवर काढला तर सुमारे ११.९ टक्के. एकूण ४०० वर काढला तर ९ टक्के. आणि त्या वर्षी दारातून बाहेर पडलेल्या ९६ जणांपैकी किती मृत, असं विचारलं तर ३७.५ टक्के. तिन्ही बरोबर, तिन्हींचा अर्थ वेगळा. बरे झालेल्यांचंही तेच: सुटलेल्या ६० पैकी ३० ‘बरे’ असतील तर नव्याने दाखल झालेल्यांवर ३० टक्के, एकूण संख्येवर ७.५ टक्के. दोन वर्षांची किंवा दोन संस्थांची तुलना करताना छेद एकच आहे ना, ते पाहा. अधीक्षक बदलला की कधी कधी छेदही बदलतो. आकडा एकदम सुधारलेला दिसला तर मी आधी तिथे बघतो, मग उपचारांकडे.

‘बरा’ या शब्दाचंही मोजमाप नव्हतं. शांत झाला, कामाला लागला, न्यायला कुणी आलं, एवढ्यावर बरा लिहिलं जाई. ‘सुधारला’, ‘मित्रांच्या स्वाधीन’, ‘पळाला’, ‘दुसरीकडे हलवला’ हे रकाने वेगळे असतात. ते ‘बरे’मध्ये मिसळू नका. हलवलेला रुग्ण तर एका इस्पितळाच्या तक्त्यातून बाहेर पडून दुसऱ्याच्या तक्त्यात ‘नवा रुग्ण’ होतो. नवी संस्था सुरू झाल्यावरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत याने आकडे फुगतात. ठाण्यासाठी हे ध्यानात ठेवाच.

मृत्यूंची कारणं वाचताना मनोविकारापेक्षा पोटाकडे आणि छातीकडे लक्ष द्या. अतिसार, आमांश, क्षय, हिवताप ही नावं पुन्हा पुन्हा येतात. ती गर्दीची, पाण्याची, संडासांची आणि तुटपुंज्या अन्नाची नोंद आहे. एखाद्या वर्षी मृत्यू एकदम वाढले तर बाहेरचं वर्षही पाहा: १८९६ नंतर प्लेग, १९१८ ला इन्फ्लुएंझा, मधले दुष्काळ. दुष्काळात दुहेरी परिणाम होतो, कारण उपासमारीने भ्रमिष्ट झालेली, अशक्त माणसं दाखल होतात आणि काही दिवसांतच मरतात.

खर्चाच्या रकान्यात रुपये-आणे-पै असतात. ८५-६-४ म्हणजे ८५.६४ नव्हे. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. ६ आणे ४ पै म्हणजे ७६ पै, रुपयाच्या १९२ पै, म्हणून ८५ रुपये ४० पैसे. शिवाय दरडोई खर्च एकूण आहे की निव्वळ, ते बघा. पैसे भरून राहणाऱ्यांची फी आणि बागेतल्या, मागावरच्या मालाची विक्री वजा करून निव्वळ खर्च काढत. त्या विक्रीमागे रुग्णांचे श्रम होते. अहवाल त्याला उपचार म्हणतो, हिशेब त्याला उत्पन्न म्हणतो. तुम्ही दोन्ही लिहा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: कायदा समोर ठेवा, आत येण्याचे तीन मार्ग (घरचे, पोलीस, कोर्ट) वेगळे करा, कारणाचा रकाना कुणी भरला ते सांगा, आणि टक्केवारीचा छेद तपासा.

आता त्या ऐकीव गोष्टी. लोकांच्या आठवणी टाकून देऊ नका, पण त्यांना तारखेची चाळणी लावा. विजेच्या झटक्यांचा उपचार १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केला; भारतात तो १९४० च्या दशकात आला. त्यामुळे ‘वीस-पंचवीस सालात शॉक देऊन मारलं’ ही गोष्ट त्या रूपात खरी असू शकत नाही. सांगणाऱ्याने नंतरच्या काळातलं काही मागे ढकललेलं असतं. हिवतापाचा ताप मुद्दाम आणण्याचा उपचार १९१७ चा, इन्सुलिनने बेशुद्ध करण्याचा १९३३ चा, कार्डियाझोल या औषधाने आणलेले झटके १९३४ चे, मेंदूवरची शस्त्रक्रिया १९३५ ची, क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध १९५२ चं. ही युरोपातली सालं, इथे त्यानंतर. सर्पगंधा या वनस्पतीबद्दल मात्र उलट आहे. तिचा मनोविकारावरचा उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता, पाश्चात्त्यांनी तिच्यातलं रिझर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं ते १९५२ ला. आपल्याकडच्या रुग्णालयांचा इतिहास लिहिताना हे हमखास सुटतं.

भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देणं मात्र खरोखर दीर्घकाळ चाललं. त्यावर स्पष्ट बंदी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आली, आणि त्याच कलमात रुग्णाला साखळीने बांधण्यावरही. म्हणून साखळदंडांच्या गोष्टीला ‘अफवा’ म्हणून झटकू नका. भिंतींबद्दलही तेच. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या १९९९ च्या पाहणीत ३७ सरकारी मनोरुग्णालयं होती आणि त्यांतल्या ३८ टक्क्यांची तुरुंगासारखी मूळ रचना तशीच टिकून होती.

इमारत वाचताना नकाशा हवाच. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या फाइलींत तो मिळण्याची शक्यता असते, आणि नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका व फेरफार काढले की मूळ जमीन किती, पुढे कोणत्या कामाला किती गेली हे कळतं. नकाशात या गोष्टी शोधा: भिंतीची उंची, एकांतकोठड्या किती, बायकांचा विभाग कुठे, पाण्याचा स्रोत आणि संडास यांतलं अंतर, क्षयरोग्यांसाठी वेगळी जागा केव्हा झाली, शेत आणि मागाची शेड. नुसत्या कमानींचं वर्णन स्मरणिकेत छान दिसतं, त्याने कळत काही नाही.

कागद कुठून मिळवायचे? छापील अहवालांसाठी घरूनच सुरुवात करा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचा मोठा संग्रह इंटरनेटवर मोफत ठेवला आहे आणि त्यात मुंबई इलाख्याच्या इस्पितळांचे अहवाल आहेत. काही काळ दरवर्षी नुसते तक्ते आणि दर तीन वर्षांनी सविस्तर अहवाल, अशी पद्धत होती. मधलं वर्ष ‘गहाळ’ समजू नका. शब्द टाकून शोधण्यावर विसंबू नका, कारण यंत्राने वाचलेल्या मजकुरात तक्त्यांचे रकाने एकमेकांत घुसतात. ठाण्याची, पुण्याची, येरवड्याची जुनी इंग्रजी स्पेलिंगं वेगळी आहेत, आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी कागदांत ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आलं, तेव्हा दोन्ही नावांनी बघा. तक्ता दिसला की पान डोळ्यांनी वाचा.

न छापलेल्या फाइलींसाठी मुंबईतलं राज्य अभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. तिथे सगळं खातं, वर्ष, खंड या क्रमाने मागावं लागतं. इस्पितळांचा कारभार बहुतेक जनरल डिपार्टमेंटमध्ये, खटल्यातून आलेल्यांचा ज्युडिशियलमध्ये, बांधकाम पब्लिक वर्क्समध्ये. छापील अहवालावरचा सरकारी ठराव क्रमांक आणि तारीख टिपून न्या. त्यावरून फाइल गाठणं सोपं जातं. फाइलीत अहवालापेक्षा त्याआधीची टिपणं जास्त बोलतात: अधीक्षकाने काय मागितलं, कोणता आकडा कापला गेला, काय छापू नये असं ठरलं. इंग्रजी फाइलीत नातेवाइकांचा मोडीतला अर्ज निघाला तर मोडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोबतचं इंग्रजी भाषांतर हे बहुधा दोन ओळींचं सार असतं, आणि त्यात विनवणीचा सगळा तपशील गाळलेला असतो.

एक मर्यादा लेखात स्पष्ट लिहा. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीच्या वेळी अख्ख्या देशात १९ मनोरुग्णालयं आणि १०,१८१ खाटा होत्या. सुमारे ४०,००० लोकांमागे एक, तर इंग्लंडात सुमारे ३०० मागे एक. म्हणजे मनोविकार असलेली जवळपास सगळी माणसं घरी, देवळात, दर्ग्यात किंवा रस्त्यावर होती. मनोरुग्णालयाचा इतिहास हा मनोरुग्णांचा इतिहास नव्हे.

आता रजिस्टरं. रुग्णांची नावं असलेली दाखल-नोंद किंवा केस पेपर रुग्णालय तुम्हाला दाखवणार नाही, आणि दाखवूही नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. स्वतःची नोंद मागण्याचा हक्क रुग्णाला आहे, इतिहासकाराला नाही. ‘सगळी जुनी रजिस्टरं पाहू द्या’ असा अर्ज केलात तर नकार येईल आणि पुढची दारंही बंद होतील. त्याऐवजी अधीक्षकांना भेटून संस्थेचे कागद मागा: अभ्यागतांची शेऱ्यांची वही, जुने नकाशे, सामानाची यादी, आहाराच्या प्रमाणाचा तक्ता, कर्मचाऱ्यांची पदसंख्या. तोंडी जमलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. पहिल्या अर्जात नक्कल मागू नका, यादी मागा: ‘अभिलेख कक्षातील १९६० पूर्वीच्या, व्यक्तिगत उपचार-नोंदी वगळून, नोंदवह्यांची यादी आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी.’ नष्ट केलेल्यांची यादी महत्त्वाची, कारण सरकारी दप्तरात ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात आणि खालच्या वर्गांचे मुदत संपली की जातात. काय शिल्लक असूच शकत नाही हे कळलं की सहा महिने वाचतात.

निवृत्त परिचर, परिचारिका, स्वयंपाकी यांच्याशी जरूर बोला, पण ‘तेव्हा कसं होतं?’ असं विचारू नका; त्याला ठरावीक उत्तर येतं. वस्तू आणि वेळा विचारा. पाळी बदलताना माथी मोजायची पद्धत काय होती? किल्ल्या कुठे टांगायचे? अंघोळीला एका वेळी किती जण, पाणी गरम होतं का? केस कापायला कोण यायचं? सणाला जेवणात काय बदलायचं? मृतदेह न्यायला कुणी आलं नाही तर सही कोणाची? एका सांगणाऱ्याच्या बोलण्यावर घटना लिहू नका. दुसरा स्वतंत्र माणूस किंवा कागद मिळेपर्यंत ती ‘असं सांगतात’ म्हणूनच राहू द्या.

रुग्णांची नावं, जुन्या फाइलीत किंवा वर्तमानपत्रात उघड असली तरी, स्मरणिकेत देऊ नका. आडनाव, गाव आणि साल एवढ्यावरून ठाण्यासारख्या ठिकाणी घर ओळखता येतं, आणि नातवंडं तिथेच राहत असतात. नावाऐवजी ‘रत्नागिरी जिल्ह्यातला एक गिरणी कामगार’ इतकं पुरतं. जुन्या फोटोंत रुग्णांचे चेहरे दिसत असतील तर इमारतीचा किंवा मागाच्या शेडचा फोटो निवडा. अधीक्षक, देणगीदार, अभ्यागत यांची नावं मात्र पूर्ण द्या. त्यांच्या सह्या सरकारी होत्या.